राजकन्येच्या डोळ्यांतली खिडकी

१

माझ्यासमोर चित्राला बसणारा माणूस सुरुवातीला खोटाच असतो. पोट आत घेतो, हनुवटी वर करतो, बापजाद्यांनी जिंकलेल्या सगळ्या लढाया चेहऱ्यावर आणतो. मी त्याला तसाच राहू देते. मागचा पडदा रंगवते, रेशमाच्या घड्या टाकते, हवापाण्याच्या गप्पा मारते. मग त्याचा पाय आखडतो, नाकाला खाज सुटते, आणि केव्हातरी खरा माणूस गुपचूप खुर्चीत येऊन बसतो. त्याला पकडायचं.

चेहऱ्यात डोळे मी सगळ्यात शेवटी करते. डोळा म्हणजे ओला आरसा. त्यात खोलीची खिडकी दिसते आणि मधोमध, अगदी बारीक, मी दिसते, पांढऱ्या टोपीचा एक ठिपका. खिडकीच्या जागी पांढऱ्या खडूचा कण टेकवला की कागदातला माणूस जागा होतो. टोपीचा ठिपका मात्र मी काढत नाही. आपल्या डोळ्यांत कारागीर दिसलेला राजेलोकांना आवडत नाही.

मी माग्दालेना क्रेट्स्मर. छापील चित्रांसाठी तांब्याचे पत्रे कोरणाऱ्या आउग्सबुर्गच्या एका कारागिराची मुलगी. रंगखडूने चेहरे काढते आणि उत्तम काढते. नवरा लोरेन्झ चौकटी करून त्यांवर सोन्याचा वर्ख चढवतो आणि दिवसभर बोलतो. आम्ही दोघं गाडीत खडूंच्या पेट्या आणि वर्खाच्या पुड्या घालून एका दरबारातून दुसऱ्या दरबारात फिरलो. भुताखेतांच्या गोष्टी प्रत्येक महालात ऐकल्या आणि प्रत्येक वेळी हसलो. जुन्या लाकडाला उन्हाळ्यात आवाज येतात, एवढंच त्यांत खरं असतं.

हाल्डनबर्गला आम्ही वसंतात पोहोचलो. ड्यूकच्या शिकारी कुत्र्यांनी एका दमात ओलांडावं एवढंसं राज्य. ड्यूकच्या मुलीचं लग्न उत्तरेकडच्या, समुद्राकाठच्या एका राजपुत्राशी ठरत होतं. राजपुत्राने तिला पाहिलं नव्हतं. माझं चित्र बघून तो हो किंवा नाही म्हणणार होता.

२

चित्रासाठी मी उत्तरेकडची वरची खोली मागून घेतली. रिकामी, चुन्याने पांढरी केलेली, आणि तिला एकच चौकोनी खिडकी, तीही डोक्यापेक्षा उंच. असा उजेड मला आवडतो. दिवसभर हलत नाही. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून त्यांच्या पायांभोवती मी जमिनीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे रोजचं अंतर तेच.

राजकन्या सिडोनिए आली ती दारातूनच बोलत आली.

"बाई, माझं नाक तुम्ही बाबांसारखं काढणार की आईसारखं?"

"तुमचंच काढणार, बाईसाहेब."

"मग मोडलं म्हणायचं लग्न!"

तिला एका जागी बसताच येत नव्हतं. पाय हलवायची, केसांच्या बटा चघळायची, माझ्या पेटीतले खडू उचलून "हा निळा खाल्ला तर मरतो का माणूस?" असं विचारायची. तिच्यावर लक्ष ठेवायला बॅरोनेस फॉन एल्मेनाऊ नावाची एक वयस्कर सरदारीण भिंतीशी बसलेली असे. ती चॉकलेटचा पेला संपवायची आणि डुलक्या काढायची. मधेच जागी होऊन म्हणायची, "पाठ, राजकन्ये, पाठ!"

"पाठ मागेच आहे, बॅरोनेसबाई," सिडोनिए म्हणायची, आणि मला खडू खाली ठेवून हसावं लागायचं.

एकदा ती म्हणाली, "बाई, माझ्या डोळ्यांत कुणी बघत नाही, ठाऊक आहे?"

"असं कसं?"

"रीत नाही. सगळे माझ्या मोत्यांशी बोलतात. बाबा बोलतात माझ्याशी, पण बघतात कुत्र्यांकडे. आई गेल्यापासून सरळ डोळ्यांत बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच." थोडं थांबून तिने विचारलं, "काय दिसतं आत?"

"लबाडी," मी म्हटलं. ती खूश झाली.

३

डोळ्यांना पहिला हात लावला त्या दिवशी काम फार सुरेख झालं. असा दिवस आला की हात आपला आपण चालतो, डोकं मागे राहतं. दुपारी चित्र खाली आमच्या बिऱ्हाडी आणलं. लोरेन्झ चौकटीचं माप घ्यायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"माग्दा, ही खिडकी कुठली काढलीस?"

"वरची. दुसरी आहे कुठे?"

"वरची चौकोनी आहे, बये. ही बघ."

मी बघितलं. दोन्ही बुबुळांवर मी खिडकी काढली होती, पण ती उंच होती, अरुंद, वरून कमानीची, पार जमिनीपर्यंत उतरलेली. चौकोनी कण टेकवायची माझ्या हाताची सवय. एवढी बारीक कमान चुकून होत नाही.

"मला जे दिसतं ते मी काढते," मी म्हटलं.

"मग भलतंच दिसतंय तुला. आणि हे काय?" त्याने वर्ख उचलायच्या ब्रशाचं टोक कागदाजवळ धरलं. कमानीच्या कडेला एक काळपट उभी रेघ होती.

"खडू घसरला असेल."

लोरेन्झने माझ्याकडे बघितलं. माझा खडू घसरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! पण तो काही बोलला नाही, आणि न बोलणं हा काही त्याचा स्वभाव नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सिडोनिए बसली तशी मी खडू न उचलता तिच्या डोळ्यांत बघितलं. नीट, सावकाश, पगारी माणसाने बघावं तसं.

कमानीची खिडकी होती. बाहेर मे महिना होता, बागेत लिलॅक फुलली होती. त्या खिडकीत मात्र हिवाळ्यातला, बर्फावरून उलटून येतो तसा फिकट उजेड होता. काल मी ज्याला रेघ म्हटलं ते खिडकीपाशी उभं असलेलं कुणीतरी होतं.

आणि मी नव्हते. बुबुळाच्या मधोमध जिथे माझी टोपी दिसायला हवी, तिथे नुसती रिकामी जमीन होती.

मी घाबरले नाही. डोळ्यावर आधी विश्वास ठेवायचा आणि मग त्याची उलटतपासणी घ्यायची, हे मला बापाने शिकवलंय. बॅरोनेसबाईंचं चॉकलेटचं चकचकीत चांदीचं भांडं बाहेर ठेवायला लावलं. माझ्या मागच्या भिंतीवर हिरवं जाड कापड टांगलं. मग खिडकीची फळी लावून घेतली. खोलीत अंधार झाला. सिडोनिएच्या डोळ्यांतली कमान तशीच उजळ राहिली.

फळी उघडून मी बॅरोनेसकडे गेले. "बाई, जरा वर बघता? तुमच्या डोळ्यांचा रंग मला फार आवडतो." ती लाजली आणि तिने वर बघितलं. चौकोनी खिडकी, पांढरी टोपी, सगळं जागच्या जागी.

म्हणजे माझे डोळे ठीक होते.

त्यानंतर मी लोरेन्झला वर बोलावलं, चौकटीचं निमित्त काढून. त्याला आधीच बजावलं होतं, "तिच्या डोळ्यांत बघ आणि मला सांग." तो आला, मुजरा केला, मान अर्धी वर केली, तोच बॅरोनेस खेकसली, "कारागीर, नजर खाली!"

जिन्यावर मी त्याला गाठलं. "काय दिसलं?"

"हिरवे आहेत."

"आणखी?"

"अगं, आणखी बघितलं असतं तर मला चाबकाने फोडला असता. हिरवे आहेत, छान आहेत. तू पैसे घे आणि चौकोनी खिडकी काढ."

शहाणा सल्ला होता. बायको नेहमी शहाणा सल्ला उशिरा ऐकते.

५

ते जे कुणी होतं, ते रोज पुढे येत होतं. येताना कधी दिसलं नाही. बसणं संपायचं, दुसऱ्या दिवशी मी बघायची, आणि ते आदल्या दिवसापेक्षा खिडकीपासून दूर, मधल्या मोकळ्या जमिनीवर असायचं. दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. मला खटकायचं ते त्याचं उभं राहणं. माझा जन्म माणसांना स्थिर बसवण्यात गेला. जिवंत माणूस कितीही स्थिर बसला तरी श्वासाबरोबर खांदे उचलतात, ताठ मान हळूच कलते. ते तसं काहीच करत नव्हतं.

आणि सिडोनिए त्याच्यासारखी होऊ लागली.

आधी पाय हलायचे थांबले. मग केसांकडे जाणारा हात. नाकाबद्दलचे विनोद संपले. ती येऊन बसायची, हात मांडीवर ठेवायची आणि माझ्याकडे बघत राहायची. बॅरोनेसला आनंदाचं भरतं आलं. "अखेर राजकन्या शोभते!" ड्यूक एकदा शिकारीच्या बुटांनिशी आला, चित्र बघून म्हणाला, "वा! बसली एकदाची शांत. काय जादू केलीत, बाई?" आणि कुत्र्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

मी विचारलं, "बाईसाहेब, बरं नाही का?"

"बरी आहे." आवाज अगदी सपाट. मग म्हणाली, "बाई, तुम्ही खुर्ची पुढे का घेता?"

मी खाली बघितलं. खुर्चीचे पाय खडूच्या खुणांमध्येच होते.

"घेत नाही मी."

"घेता. मी पुष्कळ वेळ बघत राहिले ना, की तुम्ही पुढे येता. पापणी लवली की परत मागे. आधी मला मजा वाटायची."

"एकटक बघितलं की असं होतं. बघून बघून डोळा थकतो. माझ्यापुढे बसणारे सगळेच सांगतात." हे खरं होतं. सगळेच सांगतात.

"हो ना? मलाही तसंच वाटलं." ती थोडी थांबली. "पण पुढे येताना तुम्ही टोपी का काढता?"

बॅरोनेसचं घोरणं ऐकू येत होतं. लांब अंगणात कुणीतरी घोड्याला शिव्या देत होतं. मी खडू हातात धरून बसले होते आणि बोटांच्या दाबाने त्याचा भुगा होऊन मांडीवर पडत होता.

६

मग मी लोरेन्झचं ऐकलं. पावाच्या मऊ गराने चित्रातले दोन्ही डोळे पुसले आणि आमच्या बिऱ्हाडी बसून, आठवणीने, पहिल्या दिवशीची लबाड मुलगी परत काढली. खिडकी चौकोनी. लोरेन्झ म्हणाला, "ही खरी." मीही सुटले असं मानलं.

पण गळ्यातले मोती राहिले होते, आणि मोत्यांसाठी ड्यूक हटून बसला. राजपुत्राला ते आधी दिसायला हवे होते म्हणे. तेव्हा आणखी एकदा बसणं आलं. मी मनाशी ठरवलं, मान खाली, मोत्यांपुरतं बघायचं, उठायचं, निघायचं.

तसंच केलं. एकेक मोती घेतला. राखाडी, गुलाबी, सावलीला निळा, वर पांढरा कण. "आज हवा छान आहे, बाईसाहेब," मी मोत्यांना म्हणाले.

 पुष्कळ वेळाने, अगदी हळू आवाजात, ती म्हणाली, "तुम्हीही, बाई?"

एवढेच दोन शब्द. मला माझी शरम वाटली. मी मान वर केली.

तिचे डोळे काळे होते. हिरवा रंग नाही, कमान नाही, उजेडाचा कण नाही. खिडकी झाकून जाईल इतकं ते जवळ आलं होतं. सिडोनिए माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या आणि तिच्या मधल्या जागेकडे बघत होती, नाकापासून वीतभरावर. तिच्या कपाळावरची एक सुटी बट आत-बाहेर हलत होती. खोलीत वारा नव्हता.

"पापण्या मिटा," मी म्हटलं.

"मिटत नाहीत," ती म्हणाली.

मी उठले. राजघराण्यातल्या माणसाला हात लावायचा नसतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मी सरळ तिच्यापर्यंत गेले. जी जागा त्याने घेतली होती ती माझी होती. तिथे बसून बघायला मला बोलावलं होतं, त्याला नाही. मी खडूने भरलेल्या दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि माझा चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेला, तान्ह्या मुलाजवळ नेतात तितका. आमच्या दोघींमध्ये हातभरही जागा उरली नव्हती. तरी माझ्या पोटाला आणि छातीला काहीतरी गार, कापडासारखं, घासत गेलं. गर्दीत एखाद्याने आपल्याला वाट द्यायला अंग वळवावं तसं.

आणि तिच्या बुबुळात क्षणभर मला तो चेहरा दिसला. काम चांगलं होतं. कपाळ, गाल, ओठांचे कोपरे, सगळं नीट पुरं केलेलं. फक्त डोळे व्हायचे राहिले होते. तिथे नुसता कोरा कागद होता. आणि तो चेहरा सिडोनिएकडून वळून माझ्याकडे झाला.

"मला बघ," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, ते आजही मला सांगता येणार नाही.

सिडोनिएने पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा हिरव्या डोळ्यांत चौकोनी खिडकी होती आणि मधोमध माझी टोपी, वाकडी झालेली.

"बाई," ती हुंदका देत हसली, "तुमच्या हातांना केवढा खडू आहे!"

तिचे दोन्ही गाल निळे झाले होते. मागे बॅरोनेसचा पेला फुटला आणि ती किंचाळायला लागली.

७

आम्हाला त्याच दिवशी राज्याबाहेर काढलं. चित्र मात्र ठेवून घेतलं, पाठवलं, आणि राजपुत्राने हो म्हटलं. त्या बाजूने येणारे व्यापारी पुढे सांगायचे की राजकन्या मजेत आहे, पत्त्यांत लबाडी करते, मुलांच्या मागे धावते आणि तिला दरबारात एका जागी बसवणं कुणाला जमत नाही. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण छाती भरून यायची.

त्या दिवशी गाडी एका ओढ्याकाठी थांबली होती. लोरेन्झने पाव कापला, सॉसेज कापलं, आणि बॅरोनेसच्या किंचाळण्याची नक्कल करत होता. मी हसून हसून डोळे पुसले.

"थांब, डोळ्यात खडू गेला असेल," असं म्हणत त्याने माझी हनुवटी वर केली. वाकून बघितलं. आणि नक्कल मधेच थांबली.

"काय रे?"

त्याने माझी हनुवटी सोडली. मग म्हणाला, "लांब आहे. खिडकीपाशी आहे."

त्याला अधिक सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. मी एकदा हातआरसा घेऊन बघितलं. ती एकच वेळ. त्यानंतर घरात आरसा ठेवला नाही. टोपीसुद्धा लोरेन्झच बांधून देतो.

मी काम सोडलं नाही. कितीतरी चेहरे काढले, आणि चांगले काढले. माणसांना मी आता थोडं बाजूला बघायला लावते, म्हणजे त्यांची नजर माझ्या नजरेला मिळत नाही. लोक म्हणतात, क्रेट्स्मरबाईंची ही नवी तऱ्हा फार भारदस्त आहे. पुष्कळांनी ती उचलली.

रोज सकाळी लोरेन्झ माझ्यासमोर स्टूल घेऊन बसतो, माझ्या डोळ्यांत बघतो. मी विचारते, "कुठे?" तो म्हणतो, "खिडकीपाशीच." मग आम्ही कॉफी घेतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. मी दिवसभर हलती राहते, बडबडते, भांडते, पाय हलवते. मला वाटतं, त्याचा उपयोग होतो.

आज सकाळीही तो बसला. आज स्टूल जरा मागे होतं.

"कुठे?"

"खिडकीपाशीच," तो म्हणाला. लगेच म्हणाला.

माणसांचे चेहरे वाचणं हा माझा धंदा. त्याच्या कपाळावर विरळ झालेल्या पांढऱ्या केसांची एक बट आहे. आमच्या खोलीची खिडकी बंद होती, आणि ती बट हळूच मागे जात होती, पुढे येत होती.

मी टोपी डोक्यावर ठेवली आणि बंद बांधायला हनुवटी वर करून त्याच्यापुढे झुकले. तो क्षणभर मागे सरला. मग स्टूल पुढे ओढून माझ्या अगदी जवळ आला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका, आणि माझ्या डोळ्यांत सरळ बघत त्याने गाठ मारली.